इंद्रायणीत कोणती खाती बुडाली?

वाचक माउली, एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. जमीन-जागेच्या धंद्यात बुडालेला माणूस आपल्या दिंडीकडे येतो आणि म्हणतो, “मामा, आता सगळं सोडलं. धंदा नको, पैसा नको. मूळ सोडून लांब गेलो होतो, आता मुळाकडं यायचं. माळ घालायची आणि पांडुरंगाचं नाव घ्यायचं, बस्स.” अशा माणसाला आपण काय सांगावे?

आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘ये बाबा’ हाच. तो योग्यच आहे. पांडुरंगाच्या दारी कुणी हसत येतो, कुणी रडत येतो. दार दोघांनाही उघडे असते. पण त्याच्या बोलण्यातला ‘सगळं सोडलं’ हा शब्द आपण तसाच पुढे जाऊ देऊ नये. त्याने नेमके काय सोडले? लोकांकडून त्याला जे येणे होते ते सोडले, की त्याच्याकडून लोकांना जे देणे होते ते सोडले? ऐकायला दोन्ही सारखेच वाटते. पहिल्याला आपल्याकडे वैराग्य म्हणतात. दुसऱ्याला गावात सरळ ‘बुडवले’ म्हणतात.

या लेखात एवढाच विचार करायचा आहे, की ठेच लागल्यावर मुळाकडे परतायचे म्हणजे नेमके कुठे परतायचे, आणि त्या वाटेवर पहिले पाऊल कोणते.

माणूस बुडतो कसा

आपण कोल्हापूरकरांना हे नवे नाही. शहराभोवतीच्या पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव या गावांतून ज्या शिवारात उसाचे फड उभे असायचे, तिथे बघता बघता प्लॉट पडले. या धंद्यात शिरलेले बहुतेक लोक साध्या घरचे. कुणी गवंड्याच्या हाताखाली काम केलेले, कुणी वीट-वाळू पुरवणारे, कुणी लोकांचे सातबारे आणि फेरफार काढून देणारे. एका व्यवहारात दलाली मिळाली, दुसऱ्यात भागी मिळाली. मग संचकार करायचा, सहा महिन्यांची मुदत घ्यायची, मुदतीच्या आत दुसरे गिऱ्हाईक गाठायचे आणि मधला फरक आपला. हद्दवाढ होणार म्हणून भाव वाढणार, रस्ता होणार म्हणून भाव वाढणार, या आशेवर गुंठ्याचा दर चढत राहिला आणि हाताला यश आले.

पुढे इमारत उभी करायची इच्छा झाली. लोकांनी फ्लॅट नोंदवले, पैसे भरले. त्या पैशांतून त्या इमारतीचे काम करण्याऐवजी दुसरी जागा बघितली. दुसऱ्या जागेच्या नोंदणीतून तिसरीचा संचकार दिला. हा गाडा भाव चढता असेपर्यंत चालतो. चढण थांबली की पहिल्या इमारतीचा स्लॅब अडतो, दुसऱ्या जागेची मुदत टळते आणि तिसऱ्या जागेत अडकलेला पैसा कुणालाच मिळत नाही.

चढण थांबली तीही लागोपाठ. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली. १ मे २०१७ पासून राज्यात महारेरा आले आणि १ जुलैला जीएसटी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. २०२० मध्ये टाळेबंदी, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर, तोही ५६ फुटांचा. पाण्यात उभ्या राहिलेल्या इमारतींकडे बघून गिऱ्हाईक मागे फिरले. जे फार ताणून उभे होते ते कोसळले. ज्यांनी आपल्या ताकदीएवढेच उचलले होते त्यांनाही झळ लागली, पण त्यांचा कणा मोडला नाही.

माउली, हे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. बुडालेला माणूस आपल्या पडण्याचे कारण एकाच शब्दात सांगतो. तो म्हणतो ‘नशीब’, नाहीतर म्हणतो ‘देवाची इच्छा’. पण पडण्यात दोन वाटे असतात. पूर, टाळेबंदी, नोटाबंदी हा एक वाटा. तो कुणाच्या हातात नव्हता. एका इमारतीचे पैसे दुसरीकडे वळवणे हा दुसरा वाटा. तो हातातला होता. मुळाकडे परतायचे असेल तर हे दोन वाटे आधी वेगळे करावे लागतात. पहिल्यासाठी स्वतःला कोसत बसू नये, आणि दुसरा देवाच्या माथी मारू नये.

देवाने शिक्षा केली काय?

दुःखात माणूस देवाशी भांडतो. ‘इतकी वर्षे एकादशी केली, नंदवाळची वारी चुकवली नाही, पंगती घातल्या, आणि माझ्याच वाट्याला हे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला रागावू नये. पण प्रश्नात एक व्यवहार लपला आहे तो दाखवून द्यावा. आपण पंगत घातली ती देवाकडे ठेव म्हणून ठेवली होती काय? एकादशी हा विम्याचा हप्ता होता काय? पंचगंगेचे पाणी घरात शिरताना उंबऱ्यावर थांबून आतल्या माणसाच्या गळ्यात माळ आहे की नाही हे बघत नाही.

काहीजण याच्या उलट टोकाला जातात. ‘पैशाच्या मागे लागलो म्हणून देवाने आपटले, बरे झाले,’ असे म्हणतात. हेही बोलणे जपून करावे. धंदा बुडाला तेव्हा ज्याने वीस वर्षांची बचत भरून फ्लॅट नोंदवला होता तोही आपटला. ज्या सेंट्रिंगवाल्याची मजुरी राहिली तोही आपटला. एका माणसाला धडा शिकवायला पांडुरंग चाळीस घरांची छपरे काढून नेईल, असा आपला देव नाही. ‘माझ्या भल्यासाठी हे झाले’ हे वाक्य मनाला फार गोड लागते, कारण त्यात इतरांचे काय झाले हे विसरायला होते.

तुकोबारायांची गोष्ट नीट ऐकूया

धंद्यात बुडून भक्तीकडे वळलेल्या माणसाचे नाव घ्यायचे तर आपल्या संप्रदायात पहिले नाव तुकोबारायांचे येते. देहूच्या मोरे घराण्यात महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती आणि पिढ्यान् पिढ्यांची विठ्ठलभक्तीही होती. थोरल्या सावजींचे मन संसारात रमेना; म्हणून कोवळ्या वयातच घरचा कारभार तुकोबांच्या अंगावर पडला. आईवडील गेले, आणि १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ आला. धंदा बसला, मान गेला, गुरे गेली. पहिली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. आज आपण ज्याला ‘मार्केट बसले’ म्हणतो त्याच्या कितीतरी पलीकडचे ते संकट होते.

यानंतरचा प्रसंग लहानपणापासून आपण कीर्तनात ऐकत आलो आहोत. तुकोबाराय डोंगरावर एकांतात गेले, धाकटे कान्होबा त्यांना शोधत आले, आणि परत आल्यावर तुकोबांनी खाती इंद्रायणीत बुडवली. बुडालेला माणूस हीच गोष्ट आपल्या बाजूने सांगतो. तो म्हणतो, ‘तुकोबांनी सुद्धा वह्या बुडवल्या. मीही बुडवल्या.’

इथे थांबा, माउली. त्या खात्यांत काय होते? घरच्या सावकारीतून लोकांना दिलेल्या पैशांचे ते कागद होते. म्हणजे लोकांकडून मोरे घराण्याला जे यायचे होते, त्याचा तो लेखाजोखा होता. दुष्काळाने ज्यांच्या घरात दाणा उरला नव्हता, त्यांच्याकडे वसुलीला जाण्याचा हक्क तुकोबांनी पाण्यात सोडला. कागद बुडाले तेव्हा ऋणकोंच्या घरी सुटकेचा श्वास सुटला असेल; कुणाच्याही डोळ्यांत त्यामुळे पाणी आले नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कान्होबा म्हणाले, की तुम्ही विरक्त झालात, मला संसार करायचा आहे. तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याचे तेवढे इंद्रायणीत सोडले. धाकट्या भावावर आपले वैराग्य लादले नाही. जे आपले होते त्याचाच त्याग केला. जे दुसऱ्याचे होते त्याला हात लावला नाही.

मोठे वैराग्य आणि एवढा चोख हिशोब एकाच माणसात, एकाच दिवशी दिसतो, तो हा प्रसंग. त्यागाचे माप इथे घालून दिले आहे. आपला हक्क सोडता येतो. दुसऱ्याचा हक्क आपण सोडू शकत नाही, कारण तो आपल्या हातात नसतोच. फ्लॅटसाठी पैसे भरलेल्या माणसाला ‘मी आता विरक्त झालो’ असे सांगणे म्हणजे त्याच्या पैशांवर आपले वैराग्य उभारणे आहे.

हिशोब मायेतला नाही

कुणी म्हणेल, ‘हा सगळा पैशाचाच विचार झाला. परमार्थात हिशोबाला काय जागा?’ नाथमहाराजांची गोष्ट आठवावी. देवगडावर जनार्दनस्वामींकडे असताना एका पैची चूक सापडेना म्हणून नाथ रात्र जागून वह्या चाळत बसले. चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी ते पाहिले आणि सांगितले, की एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर संसारातली मूळ चूक सापडल्यावर केवढा होईल! या गोष्टीचा शेवट आपण नेहमी सांगतो. तिची सुरुवात मात्र निसटते. ‘जाऊ दे, एक पै म्हणजे माया,’ असे स्वामी म्हणाले नाहीत. पै आधी सापडली, मग उपदेश झाला. ज्याला पैची चूक जागे ठेवते, त्याचेच मन पुढच्या चुकीच्या शोधाला लायक ठरते.

आजचा कायदाही हेच सांगतो, माउली. महारेरात एक कलम आहे. गिऱ्हाइकाकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रकल्पाच्या जागेसाठी व बांधकामासाठी वापरायचे. कायद्याने हे सांगायची वेळ का आली? ‘हे पैसे ज्या भिंतीसाठी आले त्याच भिंतीला लागू दे’ ही साधी गोष्ट विसरली गेली म्हणून. आपल्या आजीला कुठला कायदा माहीत नव्हता. तरी ती वारीचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवायची आणि घरात मीठ नसले तरी त्या डब्याला हात लावायची नाही.

मग देण्यांचे काय करायचे?

सांगणे सोपे, करणे अवघड, हे आम्हालाही कळते. ज्याच्याकडे काहीच उरले नाही तो देणार कुठून? म्हणून जरा उलगडून बोलूया.

एक वही घ्यावी. तिचे दोन भाग करावेत, येणे आणि देणे. येण्याच्या बाजूला ज्या नावापुढे खरोखर अडचण दिसते, ते नाव तुकोबांचे स्मरण करून सोडता येते. देण्याच्या बाजूचे एकही नाव खोडू नये. रक्कम आज देता आली नाही तरी नाव तिथे राहू द्यावे. नाव वहीत असेपर्यंत आपण ऋणी असतो. नाव खोडले की आपण लबाड होतो.

देण्यांची ओळही लावावी. व्याजाने पैसे देणारा सावकार सर्वांत मोठ्याने ओरडतो, म्हणून तो पहिला वाटतो. पण ओळ आवाजावरून लावू नये. ज्यांची मजुरी राहिली त्यांना आधी ठेवावे. आपल्या चोखोबारायांचे स्मरण करा. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि खाली काम करणारी माणसे गाडली गेली. त्यांत चोखोबा होते. नामदेवराय तिथे गेले, चोखोबांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. बांधकामावर पाटी उचलणारा माणूस आपल्या संप्रदायात देवाच्या समोर बसला आहे. ज्या वारकऱ्याने बिगाऱ्याची हजेरी थकवली, त्याने महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवताना काय म्हणावे?

त्यानंतर ज्यांच्या घराचे छप्पर आपल्यामुळे अडले ते. भाड्याच्या खोलीत राहून भाडे आणि हप्ता दोन्ही भरणारी कुटुंबे यात असतात. आपल्या नावावर दुसरी जागा शिल्लक असेल, गाडी असेल, तर ती आधी यांच्यासाठी जावी. काहीच नसेल तर निदान त्यांच्यापुढे जावे. फोन बंद करून बसू नये. ‘आज नाही, पण मी इथेच आहे, एवढे-एवढे करीन,’ असे तोंडावर सांगावे. चार शब्द ऐकून घ्यावे लागतील. कुणी दारातून हाकलेल. तेही सोसावे. पैसे बुडाल्याचे दुःख माणूस कधीतरी पचवतो. ज्याच्यावर विश्वास टाकला तो तोंड चुकवतो, हे त्याला पचत नाही.

आणि वारी? वारी चुकवू नका. पण जाताना सांगून जा. ‘आषाढीला जातोय, द्वादशीनंतर अमुक दिवशी परत येतोय,’ असे ज्यांचे देणे आहे त्यांना सांगून निघालेला माणूस पळालेला नसतो. न सांगता निघालेला माणूस टाळ कितीही मोठ्याने वाजवू दे, त्याच्या कानात फोनची घंटाच वाजत राहते.

पडक्या देवळाची डागडुजी

आता कामाविषयी. धंदा बसल्यावर माणसाला दोनच वाटा दिसतात: पुन्हा एक मोठा डाव, नाहीतर सगळे सोडून बसणे. तुकोबारायांनी तिसरे काय केले ते त्यांनी स्वतःच आपल्या आत्मनिवेदनात सांगून ठेवले आहे. घराण्याचे विठ्ठलाचे देऊळ पडले होते. ते उभे करावे असे त्यांच्या मनात आले. एवढे नुकसान झालेल्या माणसाने पहिले काम हाती घेतले ते मोडके सावरण्याचे. नवे शिखर त्यांना बांधायचे नव्हते. वाडवडिलांनी जे उभे केले होते आणि जे आपल्या डोळ्यांसमोर पडले होते, तेवढे पुन्हा उभे करायचे होते.

जागेच्या धंद्यातून पडलेल्या आपल्या माणसाने हे लक्षात घ्यावे. त्याला भिंत कळते, माल कळतो, कागद कळतो. पुराने ओल धरलेली घरे आपल्या गावात कमी नाहीत. गळक्या गच्च्या आहेत, अडलेले फेरफार आहेत, ज्यांना प्लॉट घेताना कागद तपासून देणारा खरा माणूस हवा आहे असे गरीब लोक आहेत. ज्या कामातून तो वर चढला होता, त्याच कामावर परत येण्यात लाज कसली? काल ‘शेठ’ म्हणणारे आज ‘मिस्त्री’ म्हणतील. पण मिस्त्री हा शब्द कष्टाचा आहे, आणि त्या कष्टाच्या रोजातून देण्याच्या वहीतले एक-एक नाव हलके होत जाते.

परमार्थातही तुकोबा असेच खालून सुरू झाले. पहिल्यांदा कीर्तनाला उभे राहिले तेव्हा अभ्यासात मन नव्हते, असे ते स्वतः सांगतात. मग आधीच्या संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली. जे पुढे गात होते त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. ज्यांच्या अभंगांवर आज अवघा महाराष्ट्र डोलतो, त्यांनी टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेतून सुरुवात केली. मुळाकडे परतणे म्हणतात ते हेच. मागच्या रांगेत उभे राहायचे, दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवायचा, आणि पुढे जाण्याची घाई करायची नाही.

घरातली माणसे

मुळाकडे परतताना घर ओलांडून जाऊ नये. आपण जिजाईंना फटकळ म्हणून हसतो. पण भंडाऱ्यावर चढून भाकरी कोण नेत होते? घरात दाणा नसताना पोरांचे पोट कोण भरत होते? धंदा बसलेल्या घरात असाच एक जीव असतो. दागिने आधी तिचेच जातात, आणि दारात आलेल्या माणसाला उत्तरही तीच देते. तिच्याशी खरे बोलावे. किती देणे आहे याचा खरा आकडा अनेक घरांत बायकोला शेवटपर्यंत माहीत नसतो. देवापुढे मन मोकळे करणे सोपे आहे. तो उलट विचारत नाही. आधी घरी मन मोकळे करावे.

आणि माउली, एक गोष्ट स्पष्टच बोलतो. कर्जाच्या ओझ्याखाली काही माणसांच्या मनात नको तो विचार येतो. रात्री झोप लागत नाही, आणि नदीकाठ, तळ्याचा काठ डोळ्यांपुढे येतो. तुमच्या मनात असे येत असेल, तर एवढे लक्षात ठेवा: इंद्रायणीत कागद बुडाले. तुकोबाराय काठावर उभे होते आणि तिथून घरी परत आले. एवढ्या मोठ्या दुःखातही त्यांनी पाण्यात सोडले ते कागद, जीव नव्हे. वहीतले कोणतेही देणे माणसाच्या जिवाएवढे नसते. त्या रात्री एकटे राहू नका. घरच्यांना उठवा, दिंडीतल्या कुणाला हाक मारा, डॉक्टरांकडे जा. आणि ज्याला ही हाक येईल त्याने ‘सकाळी बघू’ म्हणू नये.

आपली परीक्षा

आतापर्यंत बुडालेल्या माणसाला सांगितले. पण त्याच्या येण्याने परीक्षा आपलीही होते. तो पंगतीचा यजमान होता तेव्हा फलकावर त्याचे नाव मोठ्या अक्षरात होते, आणि विणेकऱ्याशेजारी त्याला जागा मिळायची. आज तो चालत आला तर आपण त्याला टाळ देतो, की त्याच्या मागे कुजबुजतो? वारीत एकमेकांच्या पाया पडताना आपण समोरच्याचा सातबारा बघत नाही. मग तो चढता होता तेव्हा का बघितला?

त्याला उराशी धरावे, आणि त्याच वेळी देण्याची आठवणही द्यावी. यात विरोध नाही. ज्याची आपल्याला खरी काळजी असते त्यालाच आपण अवघड गोष्ट सांगतो. ज्यांचे त्याच्याकडे अडकले आहे तेही कदाचित आपल्याच दिंडीत चालत असतील. त्यांना ‘आता तो माळकरी झाला, जाऊ द्या’ असे सांगायचा अधिकार आपल्याला नाही. कुणी आपल्या खुशीने येणे सोडले तर ते त्याचे पुण्य. ते दुसऱ्याने त्याच्या खिशातून काढायचे नसते.

देव थांबतो

आपल्या देवाची कथा वीटेपासून सुरू होते. पुंडलिकरायांच्या दारी देव आला तेव्हा ते आईबापांची सेवा करत होते. ती सेवा त्यांनी अर्धी टाकली नाही. हाताशी होती ती वीट सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. देव रागावला नाही, परतलाही नाही. त्या विटेवर उभा राहिला.

म्हणून धंदा बसलेल्या माणसाने देवाकडे पळत सुटण्याची घाई करू नये. हातातले कर्तव्य अर्धे टाकून येणाऱ्याची देव वाट बघतो, असे पुंडलिकाच्या कथेत कुठेच नाही. हातातले कर्तव्य करत राहिलेल्या माणसासाठी तो थांबला. ज्याची मजुरी राहिली त्याच्या हातावर पहिला रोज ठेवायला जाताना, ज्याचे घर अडले त्याच्या दारात मान खाली घालून उभे राहताना, मुखात नाम असू द्यावे. ती वाटही पंढरीचीच आहे. तिला वेळ लागेल, कदाचित पाच-दहा वर्षे लागतील. देवाला उशीर होत नाही.

या एकादशीला, माउली, फराळाच्या आधी ती वही उघडा. येण्याच्या बाजूचे एखादे नाव सोडता येते का बघा. देण्याच्या बाजूचे एखादे नाव आज थोडे हलके करता येते का बघा. दोन्ही जमले तर त्या दिवशीची एकादशी पूर्ण झाली असे समजा.

राम कृष्ण हरि.